चमकवायचं की चालवायचं?

दोस्तांनो, बेंदराच्या आदल्या दिवशी तुमच्यापैकी किती जणांनी बैलांच्या शेंब्या घासल्या आहेत? हात वर करा बरं! आमच्या जत भागातल्या मुलांचे हात पटापट वर जाणार, हे मला ठाऊक आहे. शहरातल्या मुलांसाठी सांगतो. शेंब्या म्हणजे बैलाच्या शिंगांच्या टोकांवर बसवायच्या पितळी टोप्या. वर्षभर त्या कोपऱ्यात पडून काळ्या होतात. मग बेंदूर आला की घागरमाळा, घुंगुरमाळा आणि शेंब्या असं सगळं पितळ अंगणात येतं आणि घरातली पोरं घासायला बसतात.

आमच्या आजीची रीत ठरलेली होती. भिजवलेली चिंच, चुलीतली चाळलेली राख आणि नारळाची शेंडी. चिंच लावायची, राखेनं घासायचं, धुवायचं आणि लगेच कोरडं पुसायचं. अर्ध्या तासात शेंब्या सोन्यासारख्या! खिलार बैलाच्या लांबलचक शिंगांवर त्या चढल्या आणि उन्हात लखलखल्या, की आपणच बैल रंगवल्यासारखी छाती फुगायची.

त्या वेळी माझी एक ठाम समजूत झाली होती. धातू कोणताही असो, चिंच आणि राख लावली की काम फत्ते! या समजुतीपायी मी पुढं काय दिवे लावले, तेच आज सांगणार आहे.

मामाची पेटी

ही गोष्ट १९८८ सालच्या उन्हाळ्याच्या सुट्टीतली. माझा मामा मालवाहू जहाजावर नोकरीला होता. कित्येक महिन्यांनी तो जतला आमच्याकडं आला आणि येताना एक पुठ्ठ्याची पेटी घेऊन आला. पेटीत काळ्या रस्त्याचे तुकडे होते. एकात एक अडकवले की मोठं गोल वळण तयार व्हायचं. आणि दोन मोटारगाड्या! एक लाल, एक हिरवी. हाताच्या पंजाएवढ्या.

यल्लम्माच्या जत्रेत मिळणाऱ्या चावीच्या गाड्या आम्हाला माहीत होत्या. ही गाडी वेगळीच होती. तिला चावी नव्हती आणि पोटात सेलही नव्हता. मग ती पळायची कशी? रस्त्याच्या मधोमध एक खाच होती. खाचेच्या दोन्ही बाजूंनी धातूची एकेक पट्टी. गाडीच्या नाकाखाली एक छोटी जीभ होती, ती खाचेत बसायची. जिभेच्या दोन्ही बाजूंना तांब्याच्या केसांसारख्या बारीक तारांच्या दोन वेण्या. या वेण्या पट्ट्यांवर घासत जायच्या आणि पट्टीतली वीज गाडीतल्या मोटारीपर्यंत पोचवायच्या. हातात एक दांडी असायची. तिचं बटण जास्त दाबलं की गाडी सुसाट, कमी दाबलं की हळू. वळणावर जास्त दाबलंत तर गाडी खाच सोडून थेट कॉटखाली!

इंग्रजीत या गाड्यांना ‘स्लॉट कार’ म्हणतात. स्लॉट म्हणजे खाच. इंग्लंडमध्ये फ्रेड फ्रान्सिस नावाचे एक खेळणी बनवणारे गृहस्थ होते. ते आधी ‘स्कॅलेक्स’ नावाच्या पत्र्याच्या, चावीच्या गाड्या बनवत. त्यांनीच १९५७ साली विजेवर पळणाऱ्या गाड्या बाजारात आणल्या. ‘स्कॅलेक्स’ आणि ‘इलेक्ट्रिक’ हे दोन शब्द जोडून त्यांनी नाव ठेवलं, ‘स्कॅलेक्स्ट्रिक’. साठच्या दशकात युरोप-अमेरिकेत या खेळाचं मोठं वेड पसरलं. आपल्याकडं मात्र अशी गाडी म्हणजे कुणीतरी परदेशातून आणली तरच दिसणार!

माझ्या मामानं ही पेटी लिव्हरपूलला, जुन्या सामानाच्या दुकानात घेतली होती. म्हणजे गाड्या माझ्यापेक्षा वयानं मोठ्या! हिरवी गाडी पळत होती. लाल गाडी मात्र जरा हलायची, गुरगुरायची आणि थांबायची. तिचं पितळ काळपट पडलं होतं. मागचा आस गंजाळला होता. पुढचा बंपर तेवढा आरशासारखा चमकत होता.

मामा म्हणाला, “मी दोन दिवस सांगलीला जाऊन येतो. आलो की आपण दोघं मिळून बघू.”

पण दोन दिवस थांबेल तो भाचा कसला!

चिंचेचा पराक्रम

मामाची एसटी सुटली आणि मी लाल गाडी उघडली. चार स्क्रू काढले. आतलं जेवढं निघालं तेवढं काढलं आणि सगळं एका वाडग्यात चिंचेच्या पाण्यात टाकलं. मोटारसुद्धा! मग राख घेतली. गाडीच्या पोटाखाली एक पितळी पट्टी होती, ती काही केल्या मनासारखी चमकेना. म्हणून दारं घासायला आणलेला पॉलिश पेपर घेतला आणि खसाखसा घासली.

पितळी दातेरी चाक असं चमकलं म्हणता! पट्टीही सोन्यासारखी पिवळीधमक. मी खूश.

बंपर घासायला घेतला आणि बघतो तर काय, त्याची चमक राखेबरोबर माझ्या बोटांवर आली. खाली उरलं साधं पांढरट प्लास्टिक. मी घाबरून आणखी घासलं. आणखी पांढरं झालं!

दुसऱ्या दिवशी सकाळी पाहिलं, तर मागच्या आसावर ताजा तांबडा गंज. आदल्या दिवशी होता त्याहून जास्त! गाडी जोडली आणि रस्त्यावर ठेवली. आता ती गुरगुरतही नव्हती.

मामा आला. त्यानं गाडी हातात घेतली, उलटी केली आणि पोटाखालची पट्टी उजेडात धरून बराच वेळ पाहिली. मला वाटलं, आता पाठीत धपाटा बसणार. पण तो हळूच म्हणाला, “भाच्या, इथं नाव होतं रे.”

त्या पट्टीवर कुणीतरी खिळ्यानं दोन इंग्रजी अक्षरं कोरली होती. ‘जे’ आणि ‘बी’. खाली ६३ हा आकडा. मी ते ओरखडे समजून साफ घासून टाकले होते. मामा म्हणाला, “तिकडच्या कुठल्यातरी पोरानं ६३ साली स्वतःच्या गाडीवर नाव घातलं असणार. ते नाव बघूनच मी ही पेटी घेतली. पंचवीस वर्षं टिकलं होतं.”

धपाटा बसला असता तर बरं झालं असतं, असं मला तेव्हा वाटलं.

मिस्त्रींची शाळा

दुसऱ्या दिवशी मामा मला घेऊन बसस्थानकाकडच्या एका दुकानात गेला. ट्रकचे सेल्फ, डायनामो, विहिरीवरच्या मोटारी असं काय काय तिथं दुरुस्त व्हायचं. मिस्त्रींनी गाडी हातात घेतली, वास घेतला आणि विचारलं, “चिंच कुणी घातली ह्यात?”

मी मान खाली घातली.

त्यांनी मोटारीकडं बोट दाखवलं. जुन्या गाडीतली ती मोटार उघडीच होती, आतलं सगळं दिसत होतं. मधे फिरणारा भाग म्हणजे आर्मेचर. त्यावर तारांचे वेटोळे. एका टोकाला तांब्याची छोटी नळी, तिला तीन उभ्या चिरा. म्हणजे तांब्याचे तीन वेगवेगळे तुकडे. हा कम्युटेटर. त्याच्या दोन्ही बाजूंना कोळशासारखे दोन काळे ठोकळे टेकलेले. त्यांना दुकानात सगळे ‘कार्बन’ म्हणतात. कार्बनमधून वीज तांब्यात येते, तांब्यातून तारांत जाते आणि मोटार फिरते.

“ह्या चिरा बघ,” मिस्त्री म्हणाले, “तुझी राख ह्यात जाऊन बसलीय. कार्बनला तांबं लागलं तर वीज जाणार. राख लागली तर काय जाणार?”

त्यांनी लाकडी दातकोरणीनं तिन्ही चिरा साफ केल्या. फडक्याच्या टोकाला थोडं स्पिरिट घेऊन तांबं पुसलं. नाकाखालच्या तारांच्या वेण्या पुसून, पिंजारून सारख्या केल्या. आसावर पॉलिश पेपरचा झिजलेला तुकडा फिरवला, सुईच्या टोकावर घेऊन एक थेंब तेल दिलं. मग गाडीच्या वेण्यांना बारा व्होल्टच्या बॅटरीची वायर टेकवली. (हे काम मिस्त्रींचं, तुम्ही करायचं नाही. मोठ्या बॅटरीची दोन टोकं चुकून एकमेकांना लागली तर हात भाजतो.)

गाडीची मागची चाकं भिर्रर्र फिरली!

मी म्हणालो, “पण कम्युटेटर अजून चमकत नाही. तपकिरीच आहे.”

मिस्त्री हसले. “आरं, तो रंग कार्बनचा. गुळगुळीत तपकिरी असला म्हंजे चांगला. त्याला चमकवायचं नसतंय, चालवायचं असतंय.”

घरी आल्यावर आजीला सगळं सांगितलं. ती म्हणाली, “बाळा, कल्हईच्या पातेल्याला आतून राख लावू नको, कल्हई जाते, म्हणून मी दहादा सांगितलं की नाही? मग त्या गाडीला कशी लावलीस?”

खरंच की! मला ठाऊक होतं, पण ते पातेल्यापुरतंच आहे असं मी समजत होतो.

नेमकं काय चुकलं?

आता एकेक चूक तपासू. तुमच्याकडं खाचेतली गाडी नसेल. पण सेलवरची गाडी, सायकलची घंटा, जुनी टॉर्च, आजोबांचं कुलूप यांतलं काहीतरी असेलच. सगळ्यांना हेच लागू पडतं.

पितळ म्हणजे तांबं आणि जस्त यांचा मिश्रधातू. हवेनं त्यावर काळपट थर चढतो. चिंचेत टार्टारिक आम्ल असतं, लिंबात सायट्रिक आम्ल. ही आम्लं तो थर विरघळवतात. म्हणून आजीची चिंच पितळावर झकास चालते. पण जास्त वेळ भिजत ठेवलं तर पितळावर गुलाबीसर डाग पडतात. म्हणजे वरचं जस्त निघून जातं आणि तांबं मागं उरतं. आजी लगेच धुवायची आणि कोरडं पुसायची, ते उगाच नव्हतं.

आस पोलादाचा होता. लोखंडाला हवा आणि पाणी एकत्र मिळालं की गंज चढतो. आम्लानं जुना गंज सुटतो खरा, पण खाली उघडं पडलेलं ताजं लोखंड लगेच पुन्हा गंजतं. त्यात माझा आस रात्रभर ओला! जतची हवा कोरडी, म्हणून इथं सायकल सावकाश गंजते. तीच सायकल रत्नागिरीला समुद्राकाठी ठेवा, खारी हवा तिला लवकर खाऊन टाकेल. पण ओलं ठेवून दिलं तर जतमध्येसुद्धा लोखंड कुणाची गय करत नाही.

बंपर तर धातूचा नव्हताच. प्लास्टिकवर ॲल्युमिनियमचा अतिशय पातळ थर होता. बंद पेटीतली हवा काढून घेऊन आत ॲल्युमिनियम तापवतात. त्याची वाफ होते आणि ती प्लास्टिकवर जाऊन बसते. असा थर राखेपुढं काय टिकणार? शिवाय राखेत क्षार असतात आणि ॲल्युमिनियमला क्षार मुळीच सोसत नाहीत. एकदा गेलेली ही चमक घरी कोणत्याही उपायानं परत येत नाही.

सगळे थर वैरी नसतात, हेही लक्षात ठेवा. दिल्लीच्या मेहरौलीतला लोहस्तंभ सुमारे १६०० वर्षं उघड्यावर उभा आहे. त्याच्या लोखंडात फॉस्फरस जास्त आहे. त्यामुळं त्याच्या अंगावर एक पातळ थर तयार झाला आणि तो थरच आतल्या लोखंडाला राखतो. कुणी उत्साही माणसानं तो घासून चकचकीत करायचं ठरवलं तर? नुकसानच!

करून पाहा

आता जुनी खेळण्यातली गाडी साफ करायची रीत. आधी वायर प्लगमधून काढा किंवा सेल बाहेर काढा. घरातल्या मोठ्या माणसाला शेजारी बसवा. प्लगमध्ये लावायची वीजपेटी म्हणजे ट्रान्सफॉर्मर कधीही उघडायचा नाही.

१. खाली पांढरं कापड पसरा. कोणता भाग कुठून काढला, याचं वहीत चित्र काढा. स्क्रू काड्यापेटीत ठेवा.

२. प्रत्येक भागाला लोहचुंबक लावून पाहा. चिकटला तर लोखंड किंवा पोलाद. न चिकटणारं पिवळं असेल ते बहुधा पितळ. पण लोखंडावर पितळी मुलामा असला तर तेही चिकटतं. न चिकटणारं, चमकदार आणि अगदी हलकं असेल तर ते मुलाम्याचं प्लास्टिक असण्याची शक्यता मोठी.

३. आधी सगळं कोरडंच साफ करा. जुना टूथब्रश किंवा रंगाचा मऊ ब्रश घ्या. आमच्याकडची बारीक धूळ तेलात मिसळली की पॉलिश पेपरसारखं काम करते आणि दातेरी चाकं झिजवते. म्हणून धूळ निघाल्याशिवाय तेल द्यायचं नाही.

४. रस्त्यावरच्या पट्ट्या पेन्सिलच्या खोडरबरानं पुसा. त्यावरचा काळा थर निघतो आणि वीज नीट जाते. खोडरबराचा भुगा ब्रशनं झटका. वेण्यांच्या तारा तुटलेल्या असतील तर वेणी बदलणंच बरं.

५. कम्युटेटर उघडा असेल तर मोठ्यांच्या मदतीनं स्पिरिटच्या फडक्यानं हलकेच पुसा. चिरा लाकडी काडीनं साफ करा, सुईनं नको. मोटार बंद डबीतली असेल तर डबी उघडू नका. स्पिरिट जळतं, म्हणून जवळ दिवा, उदबत्ती किंवा गॅस नको. खिडकी उघडी ठेवा.

६. सुटं निघणारं पितळी चाक चमकवायचंच असेल तर मऊ कापडावर किंचित पांढरी टूथपेस्ट घ्या. दातांतली पेस्ट धुवून काढा आणि चाक पूर्ण कोरडं करा. चाक आसावर घट्ट बसवलेलं असेल तर ओढू नका, जागेवरच कोरडं पुसा.

७. आसावर गंज असेल तर आधी आस गाडीतून बाहेर काढा. मग बारीक स्टील वूल आणि शिलाई मशीनच्या तेलाचा एक थेंब. स्टील वूल मोटारीजवळ मुळीच नेऊ नका! मोटारीत चुंबक असतो. स्टील वूलचे बारीक तंतू ओढले जाऊन आत चिकटतात आणि नको तिथं वीज जोडतात.

८. मुलाम्याच्या प्लास्टिकला फक्त ओलसर मऊ फडकं. डाग असेल तर साबणाच्या पाण्याचा एक थेंब. पेस्ट, राख, चिंच, सोडा काही नको.

९. शेवटी आस जिथं फिरतो तिथं दोन्ही बाजूंना सुईच्या टोकाएवढं तेल द्या. खोबरेल तेल नको. ते थंडीत गोठतं आणि पुढं चिकट होतं. कम्युटेटर, वेण्या आणि टायर यांना तेल लागू देऊ नका.

आणखी दोन ताकिदी. जुन्या खेळण्यांच्या रंगात शिसं असू शकतं. म्हणून रंग खरवडायचा नाही, आणि काम झालं की साबणानं हात धुवायचे. रॉकेल, पेट्रोल, संडास साफ करायचं ॲसिड यांना तर हातही लावायचा नाही.

घासण्याआधी वाचा

पुण्याला गेलात तर राजा दिनकर केळकर संग्रहालय जरूर पाहा. दिनकर गंगाधर केळकर यांनी जन्मभर हिंडून जुनी भांडी, दिवे, अडकित्ते, कुलपं अशा हजारो वस्तू जमवल्या आणि १९७५ साली तो सगळा संग्रह महाराष्ट्र शासनाला दिला. रोजच्या वापरातल्या साध्या वस्तू, पण त्यांतून जुनी माणसं दिसतात. जुन्या वस्तूंची निगा राखणारी माणसं घासायला घेण्याआधी ती वस्तू नीट पाहतात, लिहून ठेवतात आणि मगच तिला हात लावायचा की नाही ते ठरवतात. मी मात्र आधी हात लावला आणि मग पाहिलं!

त्या उन्हाळ्यात मामानं लाल गाडीवर पुन्हा नाव घालायला मला सांगितलं. मी विचारलं, “माझं?” तो म्हणाला, “आधी त्या पोराचं. मग खाली तुझं.” आम्ही दोघांनी मिळून खिळ्यानं कोरलं. वर ‘जे’, ‘बी’ आणि ६३. खाली माझ्या नावाचं पहिलं अक्षर आणि ८८. माझं कोरणं वाकडं आलं. शिवाय वरची अक्षरं आता त्या मुलाच्या हातची नाहीत, हे मला माहीत आहे. बंपर अजून पांढराच आहे. पण गाडी पळते.

परवा ती गाडी काढली आणि मला आजीचा तांब्या आठवला. आपल्याकडं भांड्यावर नाव घालायची रीत आहे ना? कुणी दिलं, कुणाला दिलं, कधी दिलं, हे ठिपक्याठिपक्यांच्या अक्षरांत कोरलेलं असतं. आजीच्या लग्नातल्या तांब्यावर तिच्या वडलांनी असंच काहीतरी घातलं होतं. तो तांब्या रोज घासला गेला. इतकी वर्षं राख, चिंच, पावडर! आता नुसतं पाहिलं तर त्यावर काही दिसत नाही. मी खोलीत अंधार केला आणि टॉर्चचा उजेड बाजूनं, तिरपा टाकला. तेव्हा खळग्यांच्या सावल्या पडल्या आणि तीन अक्षरं लागली. बाकीची गेली ती गेलीच.

तेव्हा या रविवारी एक काम करा. घरातली जुनी पितळेची-तांब्याची भांडी काढा. घासायला नव्हे, वाचायला! नाव पुसट असेल तर माझ्यासारखा तिरपा उजेड टाकून पाहा. जे दिसेल ते जसंच्या तसं वहीत उतरवून घ्या आणि हे कोण, म्हणून आजीला किंवा आजोबांना विचारा. आईबाबांनीही शेजारी बसायला हरकत नाही. त्यांना तरी ती सगळी नावं कुठं माहीत असतात!

मग भांडी घासायला घ्या. पण नावावरून हात जरा हलका फिरवा, बरं का!